सागरच्या डोक्याला न बसलेला फेटा

असले अनुभव लिहिणाऱ्यांची मला कीव येते, हे आधीच सांगतो. कुठं कुत्रं रडलं, कुठं दार वाजलं, की लगेच चार पानं खरडायची. मी बेळगावात खासबागला राहतो, आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवतो. जे मोजता येत नाही ते नाहीच, असं मानणारा माणूस... आणि माझी गाडी मोजमापातच अडकली आहे.

सागर माझा भाचा, आक्काचा मुलगा. तान्हा असताना त्याच्या डोक्यात पाणी साठायचं, डोकं वाढत चाललं होतं. आमच्या अर्ध्या भावकीनं अंगारे सुचवले. त्यांना धुडकावून मी आक्काला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी दुर्बिणीतून आत पाण्याला वाट करून दिली — नळी न घालता. मात्र बजावलं, की ही वाट कैक वर्षांनीसुद्धा बुजू शकते, डोकं दुखलं किंवा उलट्या झाल्या तर थेट या. पोरगा शिकला, नोकरीला लागला, आणि आक्का ते बजावणं विसरून गेली.

गेल्या वर्षी निपाणीच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं. आमच्याकडं नवरदेवाचा फेटा मामा बांधतो. सकाळची घाई नको म्हणून मी तो आदल्या दुपारीच बांधला, तोही माझ्या डोक्यावर, कारण मामा-भाच्याचं माप एकच. मग सागरला घालून बघितला. चपखल बसला. टाचण्या मारून डब्यात ठेवला.

लग्नाच्या सकाळी निपाणीच्या हॉलवर डबा उघडला, तर फेटा त्याच्या डोक्यावर बसेना. बोटभर वरच. कापड आटलं म्हणावं, तर माझ्या डोक्यावर कालच्यासारखाच बसतोय.

"डोकं दुखतंय का रं?"

"न्हाय ओ मामा. झोपबी लई झ्याक झाली."

"पोरगी बघून डोक्यात हवा गेली जावयाच्या," मुलीकडचा एक पाव्हणा म्हणाला. सगळे दात काढून हसले. कुणी तरी लिंबू उतरवायला पळालं. असल्या लोकांना देवानं मेंदू कशाला दिला, कळत नाही.

आता माझी अक्कल बघा. वाढ झालेल्या माणसाची कवटी एका रात्रीत वाढत नाही, हे मला ठाऊक. तरी मी फेटा परत डब्यात टाकला. म्हटलं, लग्न थांबवा, याला आधी बेळगावला नेतो.

"मास्तर, फेट्यापायी मुहूर्त मोडताय व्हय?" मुलीचे वडील म्हणाले. "लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत."

आक्का रडायला लागली. "शिवा, माझ्या पोराचं वाटोळं करू नगंस रं."

मी ऐकलं नाही. सागरला गाडीत कोंबला.

दवाखान्यात डोळे तपासले, तर आतल्या नसेला सूज. स्कॅनमध्ये जुनी वाट बुजलेली, पाणी तुंबलेलं. त्याच दिवशी पुन्हा दुर्बिणीतून वाट मोकळी केली. अजून उशीर झाला असता तर डोळे गेले असते, नाहीतर पोरगाच, असं डॉक्टर म्हणाले. फेट्याचं सांगितलं तर हसले. "या वयात डोकं बाहेरून वाढत नाही हो, दाब आतच वाढतो. तुमचं माप चुकलं असेल."

माझं माप म्हणे. भरती करतानाच मी टेपनं सागरचं डोकं मोजलं होतं. माझ्याइतकंच भरलं. म्हणजे डोकं वाढलं नव्हतं, फेटा आटला नव्हता... आणि तरी बसत नव्हता.

मुहूर्तापायी ज्यांनी पोरगं घालवलं असतं, ते आता त्या फेट्याला हळदकुंकू लावतात आणि मला देवमाणूस म्हणतात. किळस येते. मला याचा उलगडा झालेला नाही, आणि ज्यांना झाला असेल त्यांनी कृपा करून मला सांगू नये.

पुढं सागर बरा झाला, लग्नाची तारीख पुन्हा धरली. म्हणाला, "मामा, फेटा तुमीच बांधायचा."

"हात दुखतोय रं," मी म्हटलं. हात ठणठणीत होता. पण मी बांधला आणि तो पुन्हा बसला नाही तर? शेवटी बाजारातला तयार फेटा दुसऱ्या कुणी तरी त्याला घातला, आणि अक्षता पडेपर्यंत मी मांडवाकडं पाठ करून उभा होतो.