बदरभाईची भरती

अंबडच्या स्टँडासमोर माझं सायकलीचं दुकान, अन् त्याला खेटून बदरोद्दीनचं कॅसेटी भरायचं. गिऱ्हाईक गाण्यांची यादी आणायचं, बदरभाई ती कोऱ्या कॅसेटीत भरून द्यायचा. मी रामकिसन. पंक्चर काढता काढता पंधरा वर्षं त्याची गाणी फुकटात ऐकली, म्हणून त्याच्याबद्दल बोलायचा माझा हक बनतो.

माणूस येडाच होता. सगळी दुनिया म्होरं गाणाऱ्यावर मरती, ह्याचा जीव मागं आ-ऊ करणाऱ्यांवर. म्हणायचा, म्होरच्याला सगळेच ऐकतेत, मागच्यांना कोण ऐकतं?

अठ्ठ्याऐंशी साली त्याचं नवं लग्न झाल्तं. बायकोला, मेहरुन्निसाला, घेऊन जालन्याला इतवारी सकाळच्या खेळाला गेल्ता. पिक्चर इंग्रजी. दोघांनाबी त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण त्यात पाच काळे गाणारे होते. एक म्होरं गायचा, चौघं मागून सूर धरायचे. बदरभाईनं शालीखाली टेप लपवून नेल्ता. गाणं लागल्याबरोबर बटन दाबलं. मधीच ते चौघं चमचमत्या कोटात एकदम गर्रकन फिरले, अन् मेहरुन्निसा खुदकन हसली. गाण्यासंगं ते हसूबी टेपात आलं.

आता ह्या धंद्याची रीत सांगतो. यादीतली गाणी संपली तरी कॅसेटीत दोन-तीन मिनिटं जागा उरायची. कोरी पट्टी गेली की गिऱ्हाईक कुरकुर करायचं. म्हणून तिथं दुकानदार आपल्या मनानं एखादं गाणं टाकायचा, त्याला भरती म्हणायचे. बदरभाईची भरती एकच, हेच इंग्रजी गाणं. बारशाची कॅसेट असो का हळदीची, शेवटाला ते पाच जण हजर! शहागडच्या ट्रकांतबी तेच वाजायचं. मी कितीदा झापलं, अरे बाबा, भजनाच्या मागं ही कटकट कशाला? तो नुसता गालात हसायचा. बायकोचं हसू गावोगाव वाटायची हौस होती त्याला, दुसरं काय.

नव्व्याण्णव साली मेहरुन्निसा काविळीनं गेली. मंग बदरभाई दिवेलागणीला दुकानात एकटाच बसायचा, गाणं लावायचा, हसू येईस्तोवर ऐकायचा अन् बंद करायचा. असं दोन वर्षं चाललं. पट्टी झिजली, अन् एका सांजेला मशीननं ती गिळली. काढता काढता तुकडे झाले. तिचे फोटो होते, आवाज तेवढाच होता. त्या दिवसापासून माणूस धड जेवंना.

मला राग आला, त्याचा न्हाई, माझाच. ज्या हसण्याला मी कटकट म्हणल्तं, तेच आता हुडकायचं होतं. दुकानाला कुलूप लावलं अन् जुन्या कॅसेटी विचारत गावोगाव हिंडलो. कुठं उंदरानं कुरतडलेल्या, कुठं पोरांनी वरून दुसरंच भरलेलं. केदारखेड्याला गोजरबाई भेटली. तिच्या लेकीच्या लग्नाची कॅसेट बदरभाईनंच भरल्ती. कुठंय म्हणून विचारलं, तर तिनं शेताकडं बोट केलं. पाखरं बसू नयेत म्हणून जवारीवर पट्टी ताणल्ती. उन्हात चमकून राह्यली होती, वाऱ्यानं गुणगुणत होती.

मी बांधावर बसून तिला सगळं सांगितलं.

"आवं, पट्टी गेली तर काय झालं?" ती म्हणाली. "गाणं येतंय की आम्हाला. त्याला घेऊन या."

दुसऱ्या दिवशी बदरभाईला एसटीत घालून नेलं. जवारीशेजारच्या तुकड्यात पाच-सहा बाया कापूस वेचून राह्यल्या होत्या. गोजरबाईनं सूर काढला. बोल तिचे तिचेच, कोणत्याच भाषेतले न्हाई. बाकीच्यांनी वेचता वेचता मागून ऊऊ धरला, बिलकुल बराबर. पांढऱ्या कापसावरून तो सूर संथ सरकत आला. बदरभाईनं डोळे मिटले. मी मनात म्हणलं, गाणं तर गावलं, पण हसू कुठून आणायचं?

अन् ऐन त्या जागेला गोजरबाई खुदकन हसली. मेहरुन्निसाच्याच ढंगानं. अन् पुन्हा गाऊ लागली.

गाणं संपल्यावर मी विचारलं, मधीच हसलीस का गं? ती माझ्याकडं बघतच राह्यली.

"गाण्यातच हाय ते," ती म्हणाली. "तिथं हसायचं असतंय."

बदरभाईचे डोळे वाहून राह्यले होते. म्हणाला, "आक्का, पुन्यांदा म्हणा."

ह्या बारीला मागच्या ऊऊमंदी त्याचाबी आवाज होता. हसायची जागा आली तवा मात्र त्यानं सूर सोडला, ऐकायला.