पेशंट नंबर एक

गल्लीत कुणाच्या झाडाचा शेंडा वाळला, कोवळी पानं मुडपली किंवा बुंध्यातून डिंक गळायला लागला, की केसपेपरकाकांना बोलावणं जाई. हे नाव त्यांना पाठीमागे नव्हे, अगदी तोंडावर मिळालेलं होतं, आणि त्यांना ते आवडायचंही. काकांनी चौतीस वर्षं इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. पेशंटला कधी हात लावला नाही, पण प्रत्येकाचा कागद त्यांच्या हाताखालून गेला. एवढ्या नोकरीतून त्यांची एकच श्रद्धा पक्की झाली होती: ज्याला नंबर नाही, तो आजारीच नाही.

रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर टाकले. काकूंनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी साखरेसाठी सतरा नंबरचा डबा शोधावा लागला, तेव्हा त्यांनी नवऱ्याला हाताला धरून अंगणात नेऊन सोडलं. तिथे काकांना नवीनच शोध लागला. झाडंही आजारी पडतात आणि त्यांच्यापैकी एकाचाही केसपेपर नाही. असा अनागोंदी कारभार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

तेव्हापासून त्यांची पद्धत ठरलेली. आधी पत्र्याचा छोटा बिल्ला घ्यायचा, खिळ्याने ठोकून त्यावर नंबर उमटवायचा आणि तारेने बुंध्याला आवळून बांधायचा. नंबर हलता कामा नये. मग तपासणी. कोवळी फूट वाकडी झाली असेल तर पान उलटं करून बघायचं. बुंध्यावरून मुंग्यांची रांग वर चालली असेल तर वर मावा बसलेला असणारच. फांदी जिवंत आहे का ते नखाने साल खरवडून बघायचं: खाली हिरवं निघालं तर धीर द्यायचा, तपकिरी निघालं तर चष्मा पुसायचा. सगळं वहीत उतरवून मगच चहा.

आणि खोटं कशाला बोला, काकांचं निदान बऱ्याचदा बरोबर यायचं. पोस्टमास्तरांच्या पेरूचे शेंडे गोळा झाले होते, ते त्यांनी साबणाच्या पाण्याने सरळ केले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मोसंबीच्या बुंध्याशी मायेने मातीचा ढीग घातला होता. तो काकांनी उपसायला लावला आणि सालीचं कुजणं थांबलं. बाईंनी आपल्या पेशंटांना ही गोष्ट तोंड उघडं ठेवायला लावून सांगितली, त्यामुळे कुणाला मध्ये बोलता आलं नाही. बघता बघता एक्केचाळीस झाडांच्या गळ्यात काकांचे बिल्ले पडले.

यातलं पेशंट नंबर एक काकांच्या स्वतःच्या अंगणात होतं. ते लिंबू काकूंचं. त्यांच्या आईचं घर विकलं गेलं तेव्हा अंगणातल्या लिंबाखाली बी पडून उगवलेलं रोप काकूंनी तेलाच्या जुन्या डब्यात घालून मांडीवर ठेवून आणलं होतं. भांडीकुंडी भावंडांनी वाटून घेतली. काकूंनी हे मागितलं. त्या घरी कपडे उसवून सैल किंवा घट्ट करून द्यायचं काम करायच्या. मशीन खिडकीशी अशासाठी होतं, की मान वर केली की लिंबू दिसावं. मायेचं बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती, पण पाणी त्या दुसऱ्या कुणाला घालू देत नसत.

गेल्या वर्षी लिंबाला असा काही बहर आला की काका येईल त्याला हात धरून दाखवायला नेत होते. या वर्षी मात्र नवीन फुटीची पानं नखाएवढी, पिवळट, आणि शेंडे वाळलेले. काकांनी मावा शोधला, सापडला नाही. माती उपसली, परत घातली. पाणी कमी करायला लावलं, मग वाढवायला लावलं. वहीची अकरा पानं भरली. वर फूट धरत नव्हती आणि बुंध्याच्या तळातून मात्र तरारून कोंब येत होते. हे चोर फुटवे, झाडाचा जीव खातात, असं म्हणून काका दर रविवारी ते कापून टाकत.

एका सकाळी त्यांनी वरची फांदी खरवडली आणि चष्मा पुसला. काकूंनी खिडकीतून ते पाहिलं. त्या मशीन थांबवून बाहेर आल्या.

“जाणार का हे?” त्यांनी विचारलं.

काकांनी वही उघडली. अकराच्या अकरा पानं उलटून पाहिली आणि मिटली.

“बाकी गल्लीचं राहू द्या,” काकू म्हणाल्या. “आईच्या घरचं माझ्याकडे एवढंच आहे.”

नोकरीच्या चौतीस वर्षांत काकांना कुणी असं विचारलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. काकू गळ्यातली टेप सावरत झाडाशी बसल्या. नंबर, तारीख असलं काही त्यांनी वाचलं नाही. कपडा बघावा तसा त्या बुंध्यावरून हात फिरवत गेल्या. बिल्ल्याशी त्यांचा हात थांबला. परत वर गेला, परत खाली आला. मग त्यांनी टेप लावली. बिल्ल्याच्या वर बुंधा खालच्यापेक्षा जाड भरला.

“खालून फुटतंय ते टवटवीत आणि वरचं मरतुकडं,” त्या म्हणाल्या. “इलॅस्टिक घट्ट झालं की कमरेला असाच वळ उठतो. अहो, तुमची तार कुठंय?”

तार दिसत नव्हती. नऊ वर्षांपूर्वी बोटाएवढ्या रोपाला काकांनी ती आवळली होती. झाड मनगटाहून जाड झालं, तार तेवढीच राहिली आणि साल तिला गिळून बसली. बिल्ला दरवर्षी रंगवताना काकांनी नंबर वाचला होता, त्याच्यामागे कधी बघितलं नव्हतं. गळा आवळलेलं झाड मरण्याआधी असंच भरभरून फुलतं; गेल्या वर्षीचा तो भरघोस बहरही झाडाच्या गुदमरण्याचाच होता, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. ते तिथेच मातीत बसले.

“मीच केलं गं हे,” ते म्हणाले.

काकू उठल्या. आत जाऊन पक्कड आणली. काकांनी चार ठिकाणी तार तोडली, निघाली तेवढी ओढून काढली, उरलेली सालीत राहिली. वरचं झाड वाचेल याची खात्री नव्हती, तसं त्यांनी काकूंना सरळ सांगितलं. मग त्यांना तळाचे कोंब दिसले. झाड कलमाचं नव्हतं, बियांचं होतं. म्हणजे खालून येणारा प्रत्येक कोंब आईच्याच लिंबाचा. हेच ते दर रविवारी कापत आले होते. या रविवारी चुकून एक राहिला होता, वीतभर, हिरवागार. काकूंनी त्याच्याभोवती विटांचं कुंपण केलं आणि काकांची कात्री उचलून मशीनच्या खणात टाकली.

दुसऱ्या दिवशी काका पक्कड घेऊन निघाले. घरोघरी जाऊन उरलेल्या चाळीस झाडांच्या तारा तोडायच्या होत्या आणि कारण सांगायचं होतं, ते जास्त जड होतं. काकूंनी उरल्यासुरल्या कापडाच्या पट्ट्या कापून पिशवीत घातल्या आणि बजावलं, की गाठ मारताना आत दोन बोटं गेली पाहिजेत, आणि दरवर्षी सोडून नव्याने बांधायची. मग त्यांनी पहिल्या नंबरचा बिल्ला घेतला आणि एका पट्टीने काकांच्या शर्टाच्या बटणाला बांधला.

“हे काय?” काका म्हणाले.

“नंबराशिवाय कसं कळणार, आजारी कोण होतं ते?”

काकांनी तो काढला नाही. पोस्टमास्तरांच्या दारात ते बिल्ल्यासकट उभे राहिले. पोस्टमास्तरांनी घाबरून विचारलं, पेरूला काय झालं? काकांनी आधी तार तोडली, पट्टी बांधली, आत दोन बोटं घालून पाहिली. आणि मग, चहाला नको म्हणून, पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.