डुक्कर लागलं

धाकटे दीर अंगणात रायफल खोलून बसले होते. नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवत होते, ती मध्येच अडकली.

"वहिनी, लाकूड फुगून नळीला दाबतंय. म्हणून गोळी बाजूला जाते," ते म्हणाले आणि पॉलिश पेपरने लाकूड घासू लागले.

परवा गोळी रानडुकराच्या छातीऐवजी पोटात गेली. "लागलं, लागलं!" म्हणून सगळे ओरडले. डुक्कर आतडी ओढत उसात शिरलं आणि मागावर गेलेल्या माझ्या नवऱ्याची मांडी त्यानं हाडापर्यंत फाडली. मग सगळ्यांनी डुकराला कोयत्यांनी तोडलं. बराच वेळ ते किंचाळत होतं.

ठेच बसली तरी आपण लागलं म्हणतो आणि गोळी बसली तरी लागलंच म्हणतो. लागणं म्हणजे मरणं नव्हे. डुकरं मारण्याचं मला वाईट वाटत नाही, ती पीक खातात. अर्धवट मारण्याची मात्र किळस येते.

खाटेवरून नवरा ओरडला, "झालं का रे घासून? आज परत उसाच्या राखणीला बसायचंय तुम्हा सगळ्यांना."

"भावजी," मी म्हटलं, "आज लागलं म्हणून ओरडू नका. मेलं की ओरडा."