एकाच गंजातली डाळ

वडिलांच्या बदल्यांमुळे मी नागपुरात वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकले. सुट्टीत आंधळगावजवळच्या गावी काकांकडे यायची. ओसरीवर चार माणसं जमली की काका म्हणत, "आमची मैना इंग्रजीतच लाजते." सगळे हसत. मी मान खाली घाली, पण कोण किती हसलं हे विसरत नसे.

मेडिकलच्या दुसऱ्या वर्षी पाडव्याआधी आले, तेव्हा काकांचा सालगडी चवड्यांवर चालत होता. हातात काठी, गुडघे एकमेकांवर घासत, पाय कात्रीसारखे आडवे पडत. आदल्या सुट्टीत मी त्याला धानाचं पोतं पाठीवर घेऊन जाताना पाहिलं होतं.

"ढोंग करून राहिला," काका म्हणाले. "पाडव्याले साल संपते. दुसरा गडी पाहून ठेवला मी."

ते ढोंग नव्हतं. चेतापेशी आम्ही नुकत्याच शिकलो होतो. पेशीला झाडासारख्या बारीक फांद्या असतात, त्या निरोप घेतात. आणि एक लांब धागा असतो, तो निरोप पुढे नेतो. पाय हलवणाऱ्या पेशी मेंदूत असतात आणि त्यांचे धागे पाठीच्या कण्यातून थेट कमरेपर्यंत उतरतात. तिथून दुसरी पेशी निरोप पायाला पोचवते. वरचा धागा सुकला की पायावरचा ताबा सुटतो, स्नायू ताठरतात. आणि तो धागा सुकवणाऱ्या विषांत सरांनी आमच्याच जिल्ह्यातलं एक कडधान्य सांगितलं होतं. लाखोरी.

धान कापायच्या आधी ओल्या चिखलात लाखोरी फेकतात, बिनमेहनतीची येते. त्या साली धान बुडालं होतं. काकांकडे चुलीवर डाळीचे दोन गंज, म्हणजे पातेली, चढत, घरच्यांचा तुरीचा आणि गड्याचा लाखोरीचा. गड्याची मजुरीही लाखोरीतच मोजली जाई. ते नवरा-बायको दोन्ही वेळा तेच खात होते.

मी काकांना सांगून पाहिलं.

"आमी नाई खात का लाखोरीचे वडे?" ते हसले. "आमाले काई झालं? जा, चहा ठेव."

काकू तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला लाखनीला गेल्या होत्या. चूल माझ्या हाती होती. त्या दिवसापासून मी एकच गंज चढवला. लाखोरीची डाळ तुरीसारखीच दिसते. हिंग-लसणाची फोडणी घातली की ओळखू येत नाही. गड्याला मी नुसता भात आणि भाजी देई. काकांना डाळ वाढी, आग्रह करून.

"डाळ मस्त जमून राहिली तुले," काका म्हणत.

पाडव्याला ते जेवत असताना गडी आणि त्याची बायको अंगणात आले.

"मालक, याईचे पाय लोखंडावानी झाले," ती म्हणाली. "पण बसून कराचं काम द्या. हाकलू नोका."

"मी का दवाखाना उघडला?" काका म्हणाले. "वाढ वं डाळ."

मी वाढली. म्हणाले, "काका, ही त्यांच्या गंजातली आहे. मी आल्यापासून तुम्ही हीच खाताय."

त्यांचा घास हातातच राहिला. "मस्करी कराची नाई."

"पाय जड वाटतात का तुमचे?"

थोडक्या दिवसांत काही होत नाही. महिनोन्‌महिने खावी लागते. हे मला माहीत होतं. ते मी बोलले नाही. काका पानावरून उठले आणि हात न धुताच ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागले. मग थांबून पोटऱ्या दाबू लागले. "मुंग्या येऊन राहिल्या," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. इतकं गोड काही मी तोवर ऐकलं नव्हतं.

"याला ठेवून घ्या," मी म्हणाले. "आणि मजुरी तुरीत द्या. मग मी सरांना तुमच्याबद्दल विचारीन."

गडी राहिला. आता तो बसून दोर वळतो. "पाय सरळ होतीन का, बाई?" असं त्याच्या बायकोनं विचारलं, तेव्हा मला खरं सांगावं लागलं. मेलेली चेतापेशी पुन्हा उगवत नाही.

काकांचे पाय ठणठणीत आहेत. तरी दर सुट्टीत ते मला कोपऱ्यात गाठतात, हळूच, कुणी ऐकत नाही ना ते पाहून. "मले काई होईन का वं?"

"सांगता येत नाही," मी म्हणते.

कधीतरी खरं सांगावं लागेल. अजून सांगावंसं वाटत नाही.