वेळ न चुकवणारे मास्तर

सांगितलेल्या दिवशी कपडे शिवून देणारा शिंपी आमच्या भोरमध्ये एकच होता. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ऐन लग्नसराईतही त्यांची वेळ चुकत नसे. "गिऱ्हाइकाला दोनदा पायरी चढाय लागली की आपली अब्रू गेली," असं ते म्हणायचे. आंबवड्याची माणसं सकाळच्या एस.टी.ने यायची, कपडे घ्यायची आणि दुपारच्या गाडीने परतायची.

कापड टेबलावर पसरून ते खडूने रेघ मारत, तळहाताने सुरकुती काढत आणि एका दमात कात्री चालवत. "इचार रेघंच्या आधी करायचा, सर. मागनं न्हाई." मी इथल्या हायस्कुलात मराठी शिकवतो. शाळा सुटल्यावर त्यांच्या बाकावर वाचत बसायचो. तासभर कुणी काही बोललं नाही तरी दोघांनाही बरं वाटायचं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला एका गणपतीत त्यांनी पहिल्यांदा वेळ चुकवली. दिवाळीत तर कपड्यांचा ढीगच साचला. गावाला त्याची गंमत वाटली.

"आत्ता कुठं मास्तर खरं शिंपी झालं!"

"माजा लेंगा यंदाच्या दिवाळीला का फुडच्या, मास्तर?"

मास्तर कसनुसं हसायचे. मीही हसलो. उशीर न करणारा शिंपीच आम्हाला विचित्र वाटत आला होता. उशिरात आजार कोण शोधणार?

पण मी बाकावरून बघत होतो. मास्तर रेघ मारत, पुसत, पुन्हा मारत. कात्री उचलून खाली ठेवत. घरून आलेला डबा तसाच परत जाई. त्याच दिवाळीत एका दुपारी निळ्या कापडावर इतक्या रेघा झाल्या की ते पांढुरकं दिसू लागलं. काहीतरी बिघडलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. विचारणं बरं दिसणार नाही, म्हणून मी पुस्तकाचं पान उलटलं.

घरच्यांनी चष्म्याचा नंबर बदलून पाहिला. दर्ग्यात दोरा बांधला. होळीच्या सुमाराला त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"सर, आज सकाळी हे म्हनले, 'मी नसलो तर तुमचं बरं चालंल.' तुमी शिकलेले. ह्यांना कुठं नेऊ?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने मी मास्तरांना घेऊन पुण्याला निघालो. कापूरहोळ मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "सर, तुमाला कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "दिवाळीत," मी म्हणालो.

"मला वाटलं, कुनाला दिसतच न्हाई," ते म्हणाले.

मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तासभर ऐकून घेतलं. म्हणाले, "याला डिप्रेशन म्हणतात. हा आजार आहे, औषधाने उतरतो. बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नका."

"म्हंजी मी आळशी झालो न्हाई?" मास्तरांनी विचारलं आणि तिथेच रडू लागले.

पुढचा सबंध महिना काहीच फरक दिसला नाही. वैशाखात एका सकाळी रस्त्यावरून जाताना कात्रीचा आवाज आला. हात पहिल्यासारखा भरभर कधीच चालला नाही, पण कुणी टोमणा मारला, की मास्तर भर दुकानात सांगायचे, "आळस नव्हता. मनाचा आजार हुता. पुन्याचं औषध चालू हाय." टोमणा मारणारा मान खाली घालायचा. एक एस.टी. ड्रायव्हर मात्र एकदा सगळे गेल्यावर मागे थांबला आणि त्याने डॉक्टरांचा पत्ता लिहून घेतला.

गेल्या वर्षी मास्तर हृदयविकाराने गेले. मनाच्या आजारातून सावरल्यावर त्यांना आठ वर्षं मिळाली. दिवाळी ते होळी हे महिने मात्र त्यांनी एकट्याने काढले, आणि मी तिथेच बाकावर होतो.

परवा आमचे गणिताचे सर स्टाफरूममध्ये नुसते बसून होते. तपासायच्या वह्या आठवडाभर तशाच पडलेल्या. "सरांना पेन्शनचे वेध लागले," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तास सुरू होऊन बाकीचे वर्गावर गेल्यावर मी त्यांच्याशेजारी खुर्ची ओढली.

"झोप लागते का हो?"

"तुम्हाला काय करायचंय?" ते फटकन म्हणाले.

माझे कान तापले. पण मी उठलो नाही.