खात्री करून सांगणारे नाना

पहिल्याच भेटीत नाना मला म्हणाले, "माले माहीत नही." करसल्लागाराच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

पारोळ्यात मी शाळेचे गणवेश शिवून विकते. एके दिवशी प्राप्तिकराची नोटीस आली. आधीच्या सल्लागारानं रिफंड फुगवण्यासाठी मी कधीच न भरलेले विम्याचे हप्ते रिटर्नमध्ये दाखवले होते, आणि आता तो फोन उचलत नव्हता. शेजारचे दुकानदार एक सांगत, मोबाइलवरचे व्हिडिओ दुसरंच. शेवटी मावसभावाच्या सांगण्यावरून मी चाळीसगावला नानांचं ऑफिस गाठलं.

नानांनी नोटीस दोनदा वाचली. हप्ते भरले होते का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर रागावले नाहीत. कायदा बघून उद्या सांगतो म्हणाले. मी हिरमुसून परतले. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. उत्तर काय द्यायचं, खोटी वजावट मागे कशी घ्यायची, हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की कित्येक दिवसांनी मी पोटभर जेवले. प्रकरण मिटलं.

पुढे दरवर्षी त्यांच्याकडेच जाऊ लागले. "बठ्ठं, समदं सांग. जे सांगाले लाज वाटस, ते पहिले सांग," असं म्हणून ते चष्मा पुसत.

एका नोव्हेंबरात नाना न कळवता एसटीनं पारोळ्याला आले. मशीनच्या खडखडाटात स्टुलावर बसले. छोट्या व्यापाऱ्यांना विक्रीच्या ठरावीक टक्के नफा दाखवायची सवलत असते; माझं रिटर्न त्यांनी तसंच भरलं होतं. पण मला एका कापडवाल्याकडून कमिशनही मिळायचं, आणि कमिशन घेणाऱ्याला ती सवलत नाही. बोलण्याच्या ओघात मी ते कधीतरी सांगितलं होतं, ते त्यांना दोन दिवसांपूर्वी आठवलं.

"नाना, कोणाला कळणार आहे?" मी म्हटलं.

"माले कळनं ना," ते शांतपणे म्हणाले. "मनी चूक शे, तुनी नही."

मुदत शिल्लक होती. दुपारभर बसून त्यांनी सगळे कागद पुन्हा लावले आणि सुधारित रिटर्न भरलं. कर वाढला. फी त्यांनी घेतली नाही. सत्तरीचा माणूस, कुणीही न पकडलेली स्वतःची चूक दाखवायला बसचे धक्के खात आला होता. 

गेल्या वर्षी त्यांची नजर फारच अधू झाली. मुलगा कायदा वाचून दाखवायला तयार होता, तरी त्यांनी काम थांबवलं आणि प्रत्येकाची फाइल स्वतः नेऊन दिली. माझी द्यायला आले तेव्हा काम सोडू नका म्हणून मी खूप विनवलं.

"माले नीट दिसत नही," ते म्हणाले. "मंग तुले खात्री कशी देऊ?"

पुढची फाइल द्यायला त्यांना धरणगावला जायचं होतं. स्टँडवर बसची पाटी त्यांना वाचता येईना. मी ती वाचली, हात धरून त्यांना पायरी चढवली आणि बस वळेपर्यंत तिथंच उभी राहिले.