शिट्टी वाजली तवा

शिट्टी ऐकली की मला दौंडची ती न बोलणाऱ्या मुलांची शाळा आठवते. अशा मुलांना बोलतं कसं करावं, याची पत्रकं घेऊन मी तिथल्या शिक्षकांना शिकवायला जायचो. शेजारच्या मैदानावर कबड्डी शिकवणारे सर दुपारी तिथंही शिकवायचे. शिट्टी वाजल्यावरच पाणी, हा त्यांचा खेळाडूंसाठी नियम. मैदानावरचं हे शिट्टी-पाणी शाळेच्या खिडकीतून रोज पाहणाऱ्या एका मुलीसमोर त्यांनी भर एप्रिलात तांब्या झाकून धरला. "आधी पाणी म्हण." तिचे ओठ सुकलेले. हातातली पत्रकं आपटून मी ओरडलो, "सर, ही काय तुमची खेळाडू हाय? मैदानावरची पोरं 'नको' म्हणून घरी जातील, ही कुठं जाईल?" "सवय अशीच लागती. तू मधी बोलू नगंस." तेवढ्यात तिनं त्यांच्या गळ्यातली शिट्टी ओढून जोरात वाजवली. सरांचा हात आपोआप तांब्यावरून निघाला. ती घटाघटा प्यायली. 'तिला काय हवंय ते पाहा' ही ओळ आमच्या पत्रकात नव्हती. आता शिक्षकांना शिकवताना मी तिथूनच सुरुवात करतो.